बेटावरची खुर्ची

निकेश वासेकरला एक बेट पाहिजे होतं. फार मोठं नको. नारळ असले तर बरं, नसले तरी चालेल. चारी बाजूंनी पाणी, मधोमध नेट आणि आजूबाजूला शेजारी नाहीत, एवढ्यावर तो समाधान मानायला तयार होता.

शेजाऱ्यांचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. निकेश चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात वाढला. वडील देवाजी वीज केंद्रात, घर कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, आणि भिंती अशा की पलीकडे कुकरची शिट्टी झाली की अलीकडची बाई गॅस बारीक करते. अशा घरात बसून तो पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. अमेरिकेतल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांना वेळा लावून देणारं सॉफ्टवेअर ही कंपनी विकते. अमेरिका झोपली की तिकडच्या तक्रारी इकडे उतरतात. टेक्सासमधल्या एखाद्या बोक्याची वेळ चुकून कासवाला दिली गेली की ऊर्जानगरात निकेशला घाम फुटायचा, आणि भिंतीपलीकडून शकुबाई विचारायच्या, "काय झालं रे बाबू, बोक्याचं जमलं का मंग?"

अशा माणसाला बेट पाहिजे असेल तर त्याला नावं ठेवता येत नाहीत.

हल्ली सगळेच बेटांवर जातात, हे त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं. लॅपटॉप मांडीवर, पाय वाळूत आणि तोंडावर असं हसू, की जणू पगार समुद्रच देतो. निकेशनं अंदमान ठरवलं आणि कॉलनीच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. ग्रुपवर त्याची बायको दिव्यानीही होती, त्यामुळे तिलाही कळलं. वेगळं सांगायची गरज उरली नाही, हे त्याला त्यातल्या त्यात सोयीचंच वाटलं.

मग सल्ले सुरू झाले. देवाजी म्हणाले, "चारी बाजूनं पाणी म्हणतोस, पण प्याचं कुठून आणशीन?" शकुबाई म्हणाल्या, "माह्या भाच्याचा साळा राह्यला ना तिथी. नारळाचं पाणी पिऊन पिऊन त्याले अशी सर्दी झाली का लग्नाच्या फोटोतबी नाकाले रुमाल आहे." कोणी म्हणालं मच्छरदाणी ने, कोणी म्हणालं मच्छरच नसतात, मासे खातात त्यांना. शेवटी सगळ्यांनी मिळून हॉलमध्ये निरोप समारंभ केला आणि त्याला शाल व नारळ दिला. अंदमानला निघालेल्या माणसाला नारळ देण्यात आपण काही विचित्र करतो आहोत, असं एकालाही वाटलं नाही.

आणि मग खुर्ची आडवी आली.

खुर्ची, तिचा स्वभाव आणि कंपनीचं धोरण

काळी, जाळीच्या पाठीची, पाच चाकांची, गरगर फिरणारी. कंपनीनं पाठवलेली. घरून काम करणाऱ्या कोणा एकाची पाठ पलंगावर बसून बसून गेली होती आणि त्यानं ती कंपनीच्या नावावर टाकली होती. तेव्हापासून नियम असा, की घरून काम करायचं तर कंपनीच्या खुर्चीवर बसून, आणि मीटिंगमध्ये खुर्चीची पाठ दिसली पाहिजे. माणूस नीट दिसला नाही तरी एक वेळ चालतं. हे सगळं बघायला करिश्मा मॅडम होत्या. त्या पुण्यात बसत आणि "निकेश, खुर्ची दिसत नाहीये हं," असं प्रेमानं म्हणत.

अंदमानच्या जहाजाची चौकशी केली तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, खुर्ची येईल, पण ती कोणत्या बेटावर उतरेल ते सांगता येत नाही.

झालं. अंदमान गेलं, पण शाल राहिली. निरोपाची शाल घेतलेल्या माणसाला कॉलनीत राहता येत नाही. निकेश दूध आणायला निघाला की "अजून इथीच का?" भाजीला निघाला की "जहाज चुकलं का?" तो मागच्या दारानं जायला लागला, तर मागच्या दाराशी शकुबाई धुणं वाळत घालत होत्या. "वापस आला का रे?" त्यांनी कौतुकानं विचारलं. "किती लवकर!"

अशा अवस्थेत धनराज देवासारखा भेटला. धनराज वीज केंद्राची बस चालवायचा. गाव त्याचं भामरागडच्या अंगाला, हेमलकशाच्याही पुढे, मरकाकसा नावाचं. स्टीअरिंगवर हात ठेवून तो म्हणाला, "बेटच पायजे ना भाऊ? आमचं गाव पावसाळाभर बेटच राह्यते. एका बाजूनं नदी, दोन बाजूनं नाला, मागं पहाड. डोंग्याबिगर कोणी येत नाई, कोणी जात नाई. पलीकडे नवा टॉवर बी लागला आहे."

"शेजारी?"

"शेजारी आहेत. पण तुमच्यावानी बोलत नाई ते."

निकेशनं त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, की अंदमान आता फार गर्दीचं झालं आहे, अधिक दुर्गम बेट निवडत आहे. दिव्यानीनं ते वाचलं, बॅग भरली आणि मूल गावी माहेरी निघाली. तिच्या वडिलांची तिथं राइस मिल आहे. निघताना ती म्हणाली, "तुमचं बेट पक्कं झालं का कळवा. ग्रुपवर टाकलं तरी चालन."

यात काही टोमणा आहे का, यावर निकेशनं मरकाकशाच्या जीपमध्ये चंद्रपूर मागे पडेपर्यंत विचार केला. मग सोडून दिला.

नाका

वाटेत एका वनविभागाच्या नाक्यावर जीप थांबली. गार्डनं टपावरची खुर्ची पाहिली.

"हे काय?"

"खुर्ची."

"ते दिसते मले. आतून बाहेर फर्निचर चाललं तर काय करायचं ते आम्हाले माहीत आहे. बाहेरून आत फर्निचर नेणारा तुम्हीच पहिले." त्यानं खुर्चीभोवती फेरी मारली. "सागवान नाही?"

"प्लास्टिक आहे हो. जाळी आहे."

"आज जाळी आहे. वापस येताना ही हीच खुर्ची आहे, हे मी कसं ओळखू?"

निकेशच्या शिक्षणात हा भाग आला नव्हता. गार्डनं बराच विचार करून आतून लाकडावर खूण उमटवायचा हातोडा आणला आणि खुर्चीच्या बुडाखाली एक घाव घातला. ठसा उमटला. एक चाक निखळलं. ते निकेशनं खिशात ठेवलं आणि गार्डचे आभार मानले. आभार का मानले, हे त्याला हेमलकसा आल्यावरही समजलं नाही.

चार फेऱ्या

नाल्याच्या काठी बिरजू उभा होता. बिरजू म्हणजे धनराजचा चुलतभाऊ, मरकाकशातला, डोळ्यांवर गॉगल, हातात वल्हं. मोटरसायकली न्यायला दोन डोंगे, म्हणजे लाकूड कोरलेल्या होड्या, शेजारी शेजारी बांधून वर बांबूचा ताटवा टाकतात. त्यावर त्यानं खुर्ची ठेवली आणि म्हणाला, "बसा."

"उभा राहतो."

"उभा राह्यला तर पडता. बसा ना भाऊ, खुर्ची असून उभं कायले राह्यता?"

निकेश बसला. गाव समोरच्या काठावर जमलं होतं. त्यानं पाठ ताठ केली, चेहऱ्यावर बेटाला शोभेल असं हसू आणलं, आणि नाल्याच्या मध्यावर धारेनं डोंगा वळवला. खुर्ची गरगर फिरायला लागली.

पहिल्या फेरीत त्याला समोर गाव दिसलं. बायका, म्हातारे, कोंबड्या.

मग जंगल, नदी, त्यानं मागे सोडलेला काठ, जीप, जीपवाला हसत होता.

दुसऱ्या फेरीत गाव दिसलं, आणि गावात एक म्हातारी पुढे येऊन उभी होती, कमरेवर हात.

जंगल, नदी, जीप. जीपवाला मोबाइल काढत होता.

तिसऱ्या फेरीत फक्त म्हातारी दिसली.

चौथ्या फेरीत डोंगा काठाला लागला तेव्हा खुर्चीची पाठ गावाकडे आणि निकेशचं तोंड चंद्रपूरकडे होतं. मरकाकशानं निकेश वासेकरला पहिल्यांदा पाहिलं ते मागून.

"हे बुधरीआत्या," बिरजूनं म्हातारीची ओळख करून दिली.

बुधरीआत्यानं खुर्चीला बोट लावलं. खुर्ची फिरली. निकेश पुन्हा चंद्रपूरकडून गावाकडे आला. आत्याला ते आवडलेलं दिसलं.

सभा

तेंदूपानाची पोती ठेवायची ग्रामसभेची एक खोली होती. पावसाळ्यात रिकामी. सोलरची तार होती, दार होतं, छप्पर बरंच होतं. ती मिळाली की बेट पक्कं, असं निकेशनं धरलं. मिळायला फक्त ग्रामसभेची मंजुरी पाहिजे होती. कॉलनीत असल्या मंजुऱ्या त्यानं खूप पाहिल्या होत्या. ज्याच्या हातात माइक असतो तो "सगळ्यांना मान्य आहे" म्हणतो आणि लोक चहाकडे वळतात.

मरकाकशात माइक नव्हता. गोटुलाच्या, म्हणजे गावच्या बैठकीच्या जागेच्या, छपराखाली बाया-माणसं बसली. गावपाटील बुधूनं डोळे मिटले. सभेत ते मिटलेलेच असत. बिरजूनं माडिया बोलीत सगळं सांगितलं, मग एकेकाकडे पाहिलं. एकेक जण "मंजूर" म्हणत गेला. निकेश मनातल्या मनात खोलीत टेबल लावत होता.

"बायको कुठी आहे याची?" बुधरीआत्यानं विचारलं.

"मूलला," निकेश म्हणाला. "नंतर येईल. तिचं काही म्हणणं नाही."

आत्या म्हणाली, "मले मंजूर नाई."

सगळे उठले. धोतरं झटकली, पोरं उचलली, हसत घरी निघाले.

"अरे, पण निर्णय?" निकेश बिरजूच्या मागे धावला.

"नाई झाला."

"बाकी सगळे हो म्हणाले!"

"सगळे कुठी? आत्या नाई म्हणाली ना. सगळे म्हणजे सगळे. आता पुढच्या सभेत पाहू."

"मग तिला विचारा तरी, का नाही म्हणते ते!"

बिरजूनं गॉगल काढला. इतकं असभ्य काही त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं. "कारण नाई विचारत भाऊ. कारण विचारलं का दबाव येते. तिले सांगाचं असन तवा सांगन."

"तोपर्यंत मी कोण?"

"पाहुणा."

पाहुणा

पाहुणा होणं सोपं नाही. मरकाकशात पाहुण्यानं काम करायचं नसतं. आणि पाहुण्याला एकटं सोडायचं नसतं. आता ज्या माणसानं शेजाऱ्यांपासून पळून येऊन एकट्यानं काम करण्यासाठी बेट गाठलं, त्याच्यावर याहून नेमका अन्याय कोणी रचून दाखवावा.

नेटवर्क गावात एकाच जागी यायचं, एका मोहाच्या झाडाखाली. जंगलातल्या प्रत्येक मोहाला मालक असतो. झाडावर नाव नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. हा मोह कोणाचा होता ते सांगायलाच नको. बुधरीआत्या म्हणाली, "बस. पण झाडाले टेकू नको." तिथं चार चाकांवर आणि एका दगडावर खुर्ची उभी राहिली, आणि पाहुण्याला सोबत म्हणून गावातलं एक माणूस पाळीपाळीनं शेजारी उकिडवं बसू लागलं.

"निकेश," करिश्मा मॅडम म्हणाल्या, "खुर्ची छान दिसतेय हं. पण मागे कोण आहे?"

"ते सोबत आहेत मॅडम."

"सोबत कशाला?"

"मी एकटा पडू नये म्हणून."

मॅडमनी त्याला मनःस्वास्थ्याची एक लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी सोबतीला कुऱ्हाड घेतलेला माणूस होता. तो सरपणाला निघाला होता, वाटेत पाळी आली म्हणून बसला. मॅडमचा आवाज एकदम हळू झाला. "निकेश, काही बोलू नकोस. तुला कोणी धरून ठेवलं असेल तर नुसता कान खाजव."

निकेशला हसू आलं. त्याच क्षणी मोहावरची एक लाल मुंगी त्याच्या कानात शिरली.

दुपारी पोलीस आले. डोंग्यातून, भिजत, दोघे.

"तुम्हाले पळवून आणलं आहे का?"

"नाही हो, मी माझ्या पायांनी आलो."

"पायांनी नाई, खुर्चीवर आला," बिरजूनं दुरुस्ती केली.

"मग पुण्यावरून फोन काऊन आला?"

"मी कान खाजवला म्हणून."

पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. नोकरीत त्यांनी बरंच ऐकलं असणार, पण हे नवीन होतं. "करता काय तुम्ही इथी?"

"अमेरिकेतल्या कुत्र्यांना डॉक्टरची वेळ मिळत नाही, ती मिळवून देतो."

"इथून?"

निकेशचं वाक्य खरं होतं, पण मोहाच्या झाडाखाली ते उभं राहत नव्हतं. मोठा पोलीस खुर्चीवर टेकला, एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "खुर्ची चांगली आहे," आणि दोघे परत भिजत गेले.

करिश्मा मॅडमना हा खुलासा पटला. मोठ्या साहेबांना पटला नाही. मॅडम म्हणाल्या, "निकेश, ऐक. ज्यांचा राहण्याचा पक्का ठिकाणा नाही, त्या सगळ्यांना पुण्यात बोलवायचं चाललंय. महिनाअखेर मोठी मीटिंग आहे. त्याच्या आत घर पक्कं कर, नाहीतर बॅग भर."

म्हणजे पुणे. एका खोलीत चौघं, आणि भिंतींच्या जागी प्लायवूड. आणि त्याआधी बस बदलायला चंद्रपूर, आणि स्टँडवर नेमक्या शकुबाई. "इतक्यात बेट संपलं का रे?"

आता सगळं बुधरीआत्यावर होतं.

आत्याला वळवण्याचे प्रयत्न

निकेशनं सासऱ्याच्या मिलमधला तांदूळ मागवला आणि पिशवी आत्याच्या दारात ठेवली. आत्यानं मूठभर हातात घेतला, पाहिला. "आमच्या घरी धान नाई असं कोणी सांगतलं तुले?" तांदूळ कोंबड्यांना मिळाला. कोंबड्यांनी मात्र मंजुरी दिली.

मग तो आत्याच्या भाताच्या बांधीत रोपं लावायला, म्हणजे रोवण्याला, उतरला, मीटिंगच्या शर्टासह. पाहुणा चिखलात उतरला हे पाहून बांधीतल्या बाया रोपं हातात धरून थिजल्या. पाहुण्याला काम लावलं म्हणून गावाची शोभा होणार होती. दोन बायांनी त्याला काखेत धरून उपसला, पाय धुतले, आणि शिक्षा म्हणून पुन्हा जेवायला बसवलं. त्यानं लावलेला धानाचा तुकडा आत्यानं त्याच्या देखत उपटून परत लावला.

दुसरी सभा झाली. सगळे मंजूर. आत्या: "मले मंजूर नाई." सगळे हसत घरी.

निकेशचं डोकं आता कॉलनीच्या दिशेनं चालायला लागलं. त्यानं गावात फोन कोणाकडे आहेत ते पाहिलं, मोहाखाली बसून "मरकाकसा आयलंड" नावाचा ग्रुप काढला आणि त्यात मतदान टाकलं. निकेशभाऊला खोली द्यावी का? हो. नाही. पुढे हसरा चेहरा. फोनवाल्यांनी मोहाखालून जाता-येता बोट दाबलं, कारण बोट दाबलं की हिरवी पट्टी लांब होते आणि ते बघायला मजा येते. सगळी पट्टी हिरवी झाली. एकही "नाही" नाही.

तिसऱ्या सभेत तो उभा राहिला, फोन वर धरला आणि म्हणाला, "शंभर टक्के!"

बुधू पाटलानं डोळे उघडले. निकेशनं ते उघडे पहिल्यांदाच पाहिले आणि त्याला ते मिटलेले बरे वाटले.

"हे कुठी विचारलं?" पाटलानं विचारलं.

"फोनवर."

"बुधरीपाशी फोन आहे?"

"नाही, पण…"

"मंग तिले सोडून विचारलं."

बिरजू पहिला उठला. त्यानं गॉगल खिशात घातला. "मले मंजूर नाई."

"अरे, तूच तर सगळ्यात आधी दाबलं!"

"ते बोटानं दाबलं. हे तोंडानं सांगून राह्यलो."

मग शेजारचा. मग त्याची बायको. मग रोवण्यातून त्याला उपसणाऱ्या दोघी, एका सुरात. एकेक "मंजूर नाई" छपराखालून फिरत फिरत बुधरीआत्यापर्यंत आलं. आत्याला आता बोलायची गरज नव्हती.

एका बोटाच्या कामात निकेशनं एक विरोधक होता तिथं अख्खं गाव विरोधात केलं. लोक मात्र हसतच घरी गेले, आणि जाताना त्याला जेवायला बोलावून गेले. अजून पाहुणा होता ना तो.

मोठी मीटिंग (नेटवर्क येईल तसं)

महिनाअखेर नाला चढला. नदी चढली. रस्ता दोन दिवसांपासून दिसत नव्हता. मरकाकसा पूर्ण बेट झालं, अगदी मोबाइलवर दाखवतात तसं, फक्त पाणी चहाच्या रंगाचं. निकेशला ते बघायला वेळ नव्हता. तो मोहाखाली खुर्चीवर, डोक्यावर बिरजूनं ताणलेली प्लास्टिकची पन्नी, मांडीवर लॅपटॉप. आणि त्या दिवशी सोबतीची पाळी बुधरीआत्याची होती. ती शेजारी उकिडवी बसली, तंबाखू मळत.

पडद्यावर सगळ्या कंपनीची तोंडं चौकोना-चौकोनात बसली होती. मोठे साहेब बोलायला लागले.

"मित्रांनो, आपण एक कुटुंब आहोत आणि कुटुंबानं एका छताखाली…"

पडदा गोठला. साहेबांचं तोंड उघडं राहिलं.

"…म्हणून आनंदानं जाहीर करतो, की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी पुण्यात…"

पुन्हा गोठला. आत्या वाकून पाहत होती.

"काय म्हणते हा?"

"सगळ्यांनी आपलं घर सोडून त्याच्याकडे जावं म्हणते."

"…आणि याला आपणा सर्वांची सहमती आहे, असं मी धरतो."

"आता काय म्हणाला?"

"सगळ्यांना मंजूर आहे म्हणाला."

आत्यानं चौकोन बघितले. एकूण एक तोंड मिटलेलं. "कोणी बोललं तर नाई."

"आवाज बंद करून ठेवला आहे आत्या. सगळ्यांचा. तसंच असते मीटिंगमध्ये."

तंबाखू मळायचं थांबलं. "तोंड बांधून सभा?"

"हो."

"तुले मंजूर आहे?"

"नाही."

"मंग सांग ना."

"तसं नसते आत्या. नोकरी आहे."

"काऊन नसते?"

निकेशनं उत्तर शोधलं. कॉलनीत शोधलं, कॉलेजात शोधलं, खिशात शोधलं. खिशात खुर्चीचं चाक होतं. तो आवाजाच्या बटणाकडे बघत राहिला. शेवटी डोळे मिटून त्यानं ते दाबलं. आवाज सुरू झाला, आणि निकेश डोक्यावरची पन्नी नीट करायला लागला.

आत्यानं एका हातानं लॅपटॉप धरला आणि दुसऱ्यानं खुर्चीला बोट लावलं. खुर्ची अर्धी फिरली, निकेश जंगलाकडे गेला, लॅपटॉप आत्याच्या हातात राहिला. पुण्यात, नाशकात, जळगावात, जिथं जिथं कंपनीची माणसं आपापल्या खुर्चीवर ताठ बसली होती तिथं पडद्यावर एक म्हातारी आली आणि म्हणाली,

"याले मंजूर नाई!"

साहेब थांबले. या वेळी नेटवर्क चांगलं होतं. ते स्वतःच थांबले होते.

"हे… कोण आहे?"

मग एका चौकोनात आवाज सुरू झाला. कोणी तरी घसा खाकरून म्हणालं, "सर, खरं तर मलाही…" दुसऱ्या चौकोनातून, "सर, माझी आई…" तिसऱ्यातून कुकरची शिट्टी. मग एकदम बाजार भरल्यासारखे सगळेच, आणि मधूनच करिश्मा मॅडमचा आवाज, "सर, मलाही पुण्यात राहायचं नाहीये, मी सांगलीची आहे," आणि…

टॉवर गेला.

तो चांगला आठवडाभर आला नाही. पाणी एवढं होतं की टॉवरचं डिझेल घेऊन कोणी जाणार कसं. नोकरी आहे की गेली, हे जगात एकट्या निकेशलाच ठाऊक नव्हतं.

आत्याचं कारण

त्या दिवसांत काम नव्हतं, नेट नव्हतं, जायला जागा नव्हती. निकेश आत्याच्या ओसरीत बसून असायचा. खुर्चीत आत्या बसायची. तिचं म्हणणं असं, की खुर्चीनं साहेबाच्या सभेत तिला मदत केली, म्हणून आता तिची थोडी झाली.

एका दुपारी ती गिरकी घेता घेता म्हणाली, "सांगू का, मी नाई काऊन म्हणतो ते?"

विचारायचं नाही, हे निकेश आता शिकला होता.

"तू म्हणाला, बायकोचं काही म्हणणं नाई. तिनं तसं म्हटलं होतं?"

"नाही. पण तिनं काही म्हटलंच नव्हतं."

"तुह्या साहेबालेबी कोणी काही म्हटलं नव्हतं."

खुर्ची सावकाश फिरत राहिली. आत्या भिंतीकडे गेली, अंगणाकडे आली.

"खोली दोघांची होणार. एका माणसाले विचारलंच नाई. मंग गावानं हो कसं म्हणाचं?"

निकेशनं ग्रुपवर टाकलेला तो मेसेज आठवला. शालही आठवली. समारंभाला दिव्यानी मागच्या रांगेत बसली होती आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. अगदी जोरात वाजवत होती. त्याला तेव्हा अभिमान वाटला होता.

टॉवर आला तेव्हा फोनमध्ये बरेच निरोप साचले होते. कंपनीचा होता: सर्वांची मतं घेतल्याशिवाय निर्णय होणार नाही, तूर्त आहे तसं चालू द्यावं. करिश्मा मॅडमचा होता: त्या आजी पुढच्या मीटिंगला येतील का? देवाजींचा होता: पिण्याचं पाणी आहे ना? निकेशनं सगळे बाजूला सारले आणि मूलला फोन लावला.

"दिव्यानी, एक विचारायचं होतं."

पलीकडे मिलचा आवाज घरघरत होता. "काय? आवाज बरोबर येऊन नाई राह्यला. सांगायचं होतं म्हणता का?"

"विचारायचं."

दिव्यानी म्हणाली, "कोणी शिकवलं हे तुम्हाले? त्या माणसाले भेटाले येतो मी."

शेवटची सभा

पाणी उतरलं तशी दिव्यानी आली. बुधरीआत्यानं तिच्यासाठी खुर्ची पलीकडे पाठवली होती. बांधलेल्या डोंग्यांवर, मांडीवर बॅग घेऊन, ती खुर्चीत बसून आली. खुर्ची एकदाही फिरली नाही. चाकं दोरीनं आवळलेली होती, पाठ बांबूला बांधलेली होती.

"माझ्या वेळी का नाही बांधली?" निकेशनं बिरजूला विचारलं.

"तू बांधाले सांगतलं नाई ना."

गोटुलाखाली गाव बसलं. बुधू पाटलानं डोळे मिटले. मतदानाचा राग कोणाच्या मनात उरलेला दिसत नव्हता. दोन जणांनी तर निकेशला ती हिरवी पट्टी पुन्हा दाखवायला सांगितलं. एकेकाकडे पाळी फिरली. मंजूर. मंजूर. रोवण्यातल्या दोघी, मंजूर. बिरजू, तोंडानं, मोठ्यानं, मंजूर. पाळी बुधरीआत्यापाशी आली. निकेशच्या हातात खिशातलं चाक घामानं ओलं झालं.

आत्या निकेशकडे वळलीच नाही. ती दिव्यानीसमोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा.

"बाई, तुले इथी राहाचं आहे का?"

दिव्यानीनं पोत्यांच्या खोलीकडे पाहिलं. नाल्याकडे पाहिलं. मोहाकडे, खुर्चीकडे, आणि मग नवऱ्याकडे. त्याच्या मीटिंगच्या शर्टावर अजून बांधीतला चिखल होता आणि चेहऱ्यावर वर्षानुवर्षं सगळं आधीच ठरवून टाकणाऱ्या माणसाची घाबरगुंडी होती. हे दृश्य तिनं अगदी निवांत पाहिलं. घाई कोणालाच नव्हती.

"विचार करून सांगतो, आत्या," ती म्हणाली.

"हां," आत्या खूष होऊन म्हणाली.

सगळे उठले. धोतरं झटकली, पोरं उचलली, हसत घरी निघाले. आत्यानं दिव्यानीचा हात धरला आणि तिला आपल्या घराकडे नेलं, जेवायला. पाहुणी होती ती.

निकेश त्यांच्या मागे धावला. "अगं, पण साधारण कधीपर्यंत…"

बिरजूनं त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

"चूप राय ना बे. दबाव येते."